पिंपळी ते पथारी : प्रस्तावना

सहावीत असताना इंग्रजीच्या पेपरात 'पेपर' या शब्दाचा मराठी अर्थ विचारला होता. स्पेलिंगमध्ये 'पी' तीनदा आला होता, म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, एवढे मला समजले होते. मी उत्तर लिहिले : मिरची. त्यावर लाल फुली आली आणि शेजारी बरोबर उत्तर लिहून मिळाले : मिरे. ते दिवाळीच्या आगेमागचे दिवस होते. नंदुरबारच्या रस्त्यांवरून ओल्या लाल मिरचीच्या गाड्या बाजार समितीकडे चालल्या होत्या आणि शहराबाहेर मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्यांवरून येणाऱ्या खकाण्याने वर्गातली मुले शिंकत होती. आमच्या घरात मिरे एका लहान डबीत असायचे, सर्दीच्या काढ्यापुरते. मिरची मात्र पोत्याने असायची. तिखट काय असते, हे मला मिरचीने शिकवले होते, मिऱ्याने नव्हे.

पुढे इंग्रजी वाचू लागल्यावर ध्यानात आले की माझे उत्तर चूक नव्हते. अपुरे होते. इंग्रजीत 'पेपर' म्हणजे काळे मिरे, आणि 'रेड पेपर' म्हणजे लाल मिरची. अमेरिकेत 'बेल पेपर' म्हणजे आपली ढोबळी मिरची, जिच्यात तिखटपणा औषधालाही नसतो. 'लाँग पेपर' म्हणजे पिंपळी. कोकणात माशाच्या कालवणात पडणाऱ्या तिरफळाची चिनी भावंडे 'सिचुआन पेपर' या नावाने विकली जातात, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने त्यांचा मिऱ्याशी वा मिरचीशी काहीच संबंध नाही. एका शब्दाखाली इतकी वेगवेगळ्या कुळांची झाडे का आली, या प्रश्नातून हे पुस्तक उभे राहिले.

सुरुवात आपल्याच अंगणातून करावी लागते. 'पेपर' हा शब्द आज आपल्याला पाकिटावर छापलेला परका शब्द वाटतो, पण त्याचे मूळ संस्कृत 'पिप्पली'त आहे. पिप्पली म्हणजे पिंपळी. अथर्ववेदात ती औषधी म्हणून येते. इराणी भाषांतून ग्रीकांपर्यंत पोचताना 'ल'चा 'र' झाला आणि 'पेपेरी' हे रूप तयार झाले. त्यातून लॅटिन 'पायपर', जुने इंग्रजी 'पिपर' आणि आजचे 'पेपर'. जर्मनांचे 'फेफर', फ्रेंचांचे 'प्वाव्र' आणि अरबीतले 'फिलफिल' हीही त्याच वेलीची पाने. या प्रवासात नाव पिंपळीचे राहिले, पण माल बदलला. रोमन काळात मलबारच्या काळ्या मिऱ्याचा व्यापार वाढला आणि पिंपळीचे नाव मिऱ्याने घेतले. रोमन लोकांना मिऱ्याचे इतके वेड होते, की ४०८ साली रोमला वेढा घालणाऱ्या अलारिकने खंडणीत सोन्या-चांदीबरोबर तीन हजार पौंड मिरे मागितले. संस्कृतात मिऱ्याचे एक नाव 'यवनप्रिय' आहे. गिऱ्हाइकावरून मालाला पडलेले हे नाव बाजारातच जन्मले असणार.

शब्दाची दुसरी मोठी उलथापालथ समुद्रापलीकडे झाली. कोलंबस मिऱ्याच्या देशाला निघाला होता आणि कॅरिबियन बेटांवर पोचला. तिथले लोक 'आही' नावाचे एक तिखट फळ खात. जानेवारी १४९३ मधल्या नोंदीत त्याने 'आही' म्हणजे या लोकांचे मिरे, असे लिहून ठेवले. स्पॅनिश भाषेत मिऱ्याला 'पिमिएंता' म्हणतात, त्यावरून या नव्या फळाला 'पिमिएंतो' म्हटले गेले. इंग्रजांनी तर वेगळा शब्द घडवण्याचेही कष्ट घेतले नाहीत, जुनाच 'पेपर' चालवला. जे झाड पाहायचे होते त्याचे नाव समोर दिसलेल्या झाडाला देऊन टाकण्याची ही घाई. पुढे १५४२ मध्ये जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्स याने आपल्या वनस्पतिग्रंथात मिरचीचे सुरेख चित्र छापले, पण तिला 'कालिकतचे मिरे' म्हटले. अमेरिकेहून भारतात आलेली मिरची अर्ध्या शतकाच्या आत युरोपला भारतीय वाटू लागली होती.

आपणही तेच केले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली तेव्हा तिला इथे नाव नव्हते. प्रत्येक भाषेने घरातल्या मिऱ्याकडे पाहून तिला नाव दिले. तमिळमध्ये मिरे 'मिळगु' आणि मिरची 'मिळगाय', म्हणजे मिऱ्याचे फळ. कन्नडमध्ये 'मेणसु'वरून 'मेणसिनकायी'. मल्याळममध्ये तिला 'कप्पलमुळकु' असेही नाव मिळाले, म्हणजे जहाजातून आलेले मिरे. त्या एका नावात तिचा सगळा प्रवास जपला गेला. गुजरातीत 'मरी' आणि 'मरचुं'. मराठीत 'मिरे' आणि 'मिरची'. दोन्हींच्या मागे संस्कृत 'मरिच' उभे आहे, आणि 'मरिच' हा शब्दही मुळात आर्येतर भाषांतून आला असावा असे मानणारे अभ्यासक आहेत. 'मिरे' या रूपात 'च' झिजून गेला आहे. प्राकृतात 'मिरिअ' आणि तिथून 'मिरे', अशी ती झीज पावलोपावली दिसते. 'मिरची'त मात्र 'च' टवटवीत आहे. नदीतला गोटा गुळगुळीत झाला की तो दुरून वाहत आला हे कळते, तसेच शब्दाचे. 'मिरे' जुने आणि 'मिरची' मागाहून पुढे आलेले रूप, असे मानायला इथे आधार मिळतो.

या सगळ्यात नंदुरबार कुठे आहे? चौदाव्या शतकाच्या मध्याला प्रवासी इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना या गावात आला होता. इथल्या मराठ्यांविषयी त्याने लिहिले आहे : ते कारागिरीत कुशल आहेत, त्यांच्यात वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत, आणि जेवणात भात, भाज्या व तिळाचे तेल असते. त्या ताटात मिरची नव्हती. असणे शक्यच नव्हते, कारण कोलंबसाच्या जन्मालाही अजून शंभर वर्षे होती. हाच प्रवासी पुढे मलबारला गेला आणि कालिकतला मिरे धान्यासारखे मापाने मोजताना पाहिले, असे सांगतो. मिऱ्याच्या वेलाला नंदुरबारची माती कधी मानवली नसती. त्याला मलबारचा पाऊस आणि आधाराला झाड लागते. मिरचीला मात्र तापीकाठची काळी जमीन, जरा पाणी आणि कोरडे ऊन पुरले. बी पेरले की त्याच हंगामात फळ हातात. परसात चार रोपे लावली तरी घर भागते. म्हणून श्रीमंताच्या डबीतले मिरे मागे पडले आणि गरिबाच्या भाकरीवर मिरची आली. मात्र हे सावकाश घडले. अकबराच्या काळच्या 'आइन-ए-अकबरी'तल्या पाककृतींत मिरे आहे, मिरची नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज व्यापाऱ्यांची वखार नंदुरबारात होती. तिथले इंग्रज 'पेपर' म्हणत तेव्हा त्यांच्या मनात मिरेच असणार.

आज गुंटूरनंतरची देशातली मोठी मिरची बाजारपेठ म्हणून नंदुरबारचे नाव घेतले जाते. ओली मिरची बाजार समितीत लिलावाला येते, व्यापारी ती घेतात आणि पथाऱ्यांवर पसरतात. पथारी म्हणजे उघड्या रानात पसरलेले लाल अंगण. तिथे दिवसभर बसून बाया देठ खुडतात. अवकाळी पाऊस आला की त्या लाल अंगणावर काळे डाग पडतात आणि हंगामाचा हिशेब बिघडतो. लाली, जरेला, फापडा, शंकेश्वरी ही नावे तिथे रोज उच्चारली जातात. यातली एखादी मिरची गावावरून ओळखली जाते, एखादी रंगावरून, एखादी आकारावरून. एकाच वस्तूला इतकी नावे लागतात, कारण त्या नावांवर भाव ठरतो. शब्द सूक्ष्म होतात ते माणसाचे पोट त्यावर अवलंबून असते तिथे, हे मला पथारीवर जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही ग्रंथात दिसले नाही.

'पेपर'च्या इतर अर्थांकडेही इथे वळले पाहिजे. इंग्रजीत नाममात्र भाड्याला 'पेपरकॉर्न रेंट' म्हणतात, म्हणजे एका मिऱ्याच्या दाण्याइतके भाडे. बर्म्युडा बेटावर एका जुन्या सरकारी इमारतीचे भाडे १८१६ पासून दरसाल एक मिऱ्याचा दाणा असे आहे. एकेकाळी खंडणीत मागितलेली वस्तू भाषेत क्षुल्लकपणाची खूण झाली. प्रश्नांचा वा गोळ्यांचा मारा करणे हे 'पेपर' या क्रियापदाने सांगतात. जोम, उत्साह या अर्थाचा 'पेप' हा अमेरिकन शब्द 'पेपर'चेच तुटलेले टोक आहे. लहानपणी दहा पैशांत मिळणारी पेपरमिंटची गोळीही याच कुळातली. त्या पुदिन्याला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये 'पायपेरिटा' म्हटले ते त्याच्या झणझणीतपणामुळे. हंगेरीची 'पाप्रिका' हा बाल्कन भाषांतल्या मिऱ्याच्या नावाचा लाडका अवतार आहे. आणि इंग्रजीतला दुसरा 'पेपर', म्हणजे कागद, हा मात्र इजिप्तच्या पपायरस गवतापासून आला. देवनागरीत हे दोन्ही शब्द सारखेच दिसतात. त्यामुळे 'पेपर डोसा' कागदासारखा आहे की मिरेयुक्त, हे आपल्याला संदर्भावरूनच ओळखावे लागते.

मराठीनेही स्वतःचे अर्थ रचले. कुणी कुणाच्या डोक्यावर मिरे वाटतो, कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबतात. दृष्ट काढताना मीठ-मोहरीबरोबर मिरच्या ओवाळतात, दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची टांगतात. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आलेल्या परदेशी झाडाला आपण दृष्ट काढण्याचे काम सोपवले आहे. याहून अधिक आपलेपणा कोणता? सर्वांत बोलका शब्द 'तिखट'. तो चवीचे नाव आहे, आणि आता लाल मिरचीच्या पुडीचेही. आयुर्वेदातले 'त्रिकटु' म्हणजे सुंठ, मिरे, पिंपळी. 'कटु' म्हणजे तिखट चव आणि 'तिक्त' म्हणजे कडू. त्याच 'कटु'पासून आलेला मराठी 'कडू' मात्र कारल्याच्या चवीला गेला, आणि तिखटासाठी 'तीक्ष्ण'च्या घरातला शब्द पुढे आला. चवींची नावे अशी जागा बदलू शकतात, मग झाडांच्या नावांनी बदलली तर नवल नाही. इंग्रजी माणूस मिरचीला 'हॉट' म्हणतो, आपण तिखट आणि गरम वेगळे ठेवतो, पण जीभ 'पोळली' असे आपणही म्हणतोच. उष्णता आणि मिरचीतले कॅप्सेसिन शरीरातल्या संवेदना टिपणाऱ्या एकाच ग्राहीला चेतवतात, या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले. भाषेने ही जवळीक आधीच टिपली होती.

शब्दांच्या उगमाचा अभ्यास कसा होत आला, हेही नव्या वाचकाला थोडक्यात सांगायला हवे. आपल्याकडे तो वाद फार जुना आहे. यास्काच्या 'निरुक्ता'त शाकटायन म्हणतो की सगळी नामे धातूंपासून निघतात, आणि गार्ग्य म्हणतो की सगळी नव्हेत. एका शब्दाचा मूळ अर्थ शोधून सगळे उलगडते, की काही शब्द नुसते चिकटवलेले असतात, हा प्रश्न तेव्हापासून चालू आहे. १७८६ मध्ये विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाची मांडणी केली आणि तौलनिक भाषाशास्त्राने वेग घेतला. ध्वनी नियमाने बदलतात, हा त्याचा पाया. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या जडणघडणीवरचा ग्रंथ, राजवाड्यांचे धातू आणि व्युत्पत्तींवरचे अफाट काम, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' आणि टर्नर यांचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश, ही या वाटेवरची आपल्या जवळची ठाणी. दुसरी वाट ऐतिहासिक कोशांची. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने १८८४ ते १९२८ या काळात प्रत्येक अर्थ त्याच्या तारखेसह मांडला. शब्दाला एक अर्थ नसतो, चरित्र असते, हे त्या कोशाने पटवले. तिसरी वाट 'शब्द आणि वस्तू' यांची. ऑस्ट्रियातल्या शुखार्ट आणि मेरिंगर यांनी आग्रह धरला की वस्तू हातात घेतल्याशिवाय तिच्या नावाचा इतिहास लिहू नये. चौथी वाट बोलींच्या नोंदींची : ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा १९०७ मधला भाग भिल्ल भाषा आणि खानदेशीवर आहे, आणि गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाने ते काम बोलणाऱ्यांच्या बाजूने पुन्हा हाती घेतले.

या वाटा एकमेकींना सावध करतात. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन कोशाने 'चिली' हे नाव दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशावरून आले यात फारशी शंका नाही, असे ठामपणे लिहिले. ते चूक होते. तो शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतला, 'चील्ली'. देशाच्या नावाशी त्याचा संबंध नाही. नाव सारखे दिसले म्हणून नाते जोडण्याची घाई मोठ्या विद्वानांनाही होते. म्हणून या पुस्तकात मी ध्वनीचा पुरावा, लेखी तारीख आणि प्रत्यक्ष वस्तू, या तिन्हींचा मेळ बसेल तिथेच ठाम बोलायचे ठरवले.

हे काम आत्ताच का? नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पावरी आणि भिलोरी, नवापूरकडे मावची, शहाद्याच्या सपाटीवर गुजरी, शहरात अहिराणी आणि गुजराती. शाळेत प्रमाण मराठी, आणि नोकरीच्या जाहिरातीत इंग्रजी. इथले मूल तीन-चार भाषांच्या उंबऱ्यावर रोज उभे असते. त्याला सांगितले जाते की घरचा शब्द अशुद्ध, शाळेचा शुद्ध आणि इंग्रजी सर्वांत वरचा. 'पेपर'चे चरित्र या उतरंडीला उत्तर आहे. इंग्रजीतला एक रोजचा शब्द आपल्या पिंपळीचा आहे, पाप्रिका बाल्कनमधून आली, चिली मेक्सिकोच्या आदिवासींची, आणि शहाद्याच्या शेतातली पपई कॅरिबियन किनाऱ्याचे नाव घेऊन वाढते. कोणतीही भाषा उधार घेतल्याशिवाय जगलेली नाही. मग 'मिरचीचा ठेचा'ऐवजी 'मिरचीना ठेचा' म्हणणाऱ्या मुलाने मान खाली का घालावी?

नव्या शब्दांनी जुने झाकले जाण्याचा वेगही आता वाढला आहे. मोबाईलवरच्या दरपत्रकात आणि पाकिटांवर ठरावीक इंग्रजी नावे येतात. पथारीवरच्या, डोंगरातल्या आणि स्वयंपाकघरातल्या नावांना तिथे रकाना नसतो. ज्या शब्दाला रकाना नाही, तो पुढच्या पिढीला ऐकूही येत नाही.

या पुस्तकाचा आवाका मर्यादित आहे. इथे शब्दकोश नाही, मसाल्यांचा जागतिक इतिहास नाही आणि मिरचीच्या लागवडीचे मार्गदर्शनही नाही. एक शब्द धरून त्याच्यामागे चालत जाणे, एवढाच प्रयत्न आहे : ग्रंथांतून, जहाजांतून, कोशांतून, आणि मग पुन्हा नंदुरबारच्या बाजारात. वाचकाला भाषाशास्त्राचे पूर्वज्ञान लागणार नाही. जिथे पारिभाषिक संज्ञा अटळ होती तिथे ती उदाहरणाने समजावली आहे. मी नंदुरबारच्या बाजूने लिहिले आहे, आणि ते लपवलेले नाही. लंडनच्या गोदामातून पाहिले की 'पेपर'चा इतिहास हा व्यापाराचा इतिहास दिसतो. पथारीवर बसून पाहिले की तो कष्टाचा इतिहास दिसतो. दुसऱ्या जागेवरून फार कमी लिहिले गेले आहे.

या सगळ्या शोधातून माझे एक मत पक्के झाले. शब्दाचा अर्थ कोशकार नोंदवतो, पण ठरवतो तो त्या शब्दाने व्यवहार करणारा माणूस. मिऱ्याचे नाव मिरचीला देणारे खलाशी आणि बाजारातले दलाल व्याकरण शिकलेले नव्हते. त्यांनी हाताशी असलेला शब्द नव्या वस्तूला लावला आणि तो टिकला. आज देठ खुडणाऱ्या बाईच्या तोंडी मिरचीच्या प्रतीसाठी, रंगासाठी, ओलीपणासाठी, खराबीसाठी जे शब्द आहेत, ते त्याच परंपरेतले आहेत आणि तेवढ्याच मोलाचे आहेत.

म्हणून वाचकाला एक विनंती. हे पुस्तक मिटल्यावर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. मिरे, मिरची, तिखट, ठसका, खकाणा यांना त्यांच्या लहानपणी काय म्हणत, ते विचारा आणि वहीत गावाचे नाव व तारीख घालून लिहून ठेवा. शिक्षक असाल तर मुलांकडून लिहून घ्या, आणि कुणा मुलाने घरचा शब्द लिहिला तर त्यावर फुली मारण्याआधी तो शब्द कुठून आला हे त्यालाच विचारा.